वेब सर्व्हरच्या लॉग फाइलमधील दोष आणि त्यांचे निराकरण : 'अपाची' सर्व्हरच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवहीला जे स्थान आहे, तेच स्थान वेब सर्व्हरमध्ये लॉग फाइलला आहे. कोणी, केव्हा, कोणते पृष्ठ मागितले आणि त्यास काय उत्तर देण्यात आले, याची ओळीमागून ओळ नोंद ही फाइल अखंडपणे करीत असते. फरक इतकाच की, आवक-जावक नोंदवही दररोज कोणीतरी उघडते. लॉग फाइल मात्र संकेतस्थळ बंद पडेपर्यंत किंवा एखादा वाद उपस्थित होईपर्यंत कोणाच्याही स्मरणात नसते. आणि नेमक्या त्याच प्रसंगी ती रिकामी, अपुरी किंवा दिशाभूल करणारी निघते.

प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव आणि शुल्कभरणा या सर्व बाबी आता संकेतस्थळावरून होतात. संकेतस्थळाची जबाबदारी मात्र बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अध्यापनाव्यतिरिक्तचा कार्यभार म्हणून सोपविलेली असते. प्रस्तुत लेख प्रामुख्याने अशा प्राध्यापकांसाठी आहे. तथापि तक्रार निवारण समितीवर काम करणाऱ्या अन्य विषयांच्या अध्यापकांनाही तो उपयुक्त ठरावा, अशी अपेक्षा आहे. विवेचनासाठी अपाची या सर्व्हरची निवड केली आहे. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरमध्ये सुधारणा करीत १९९५ मध्ये तो आकारास आला आणि आजही अनेक शैक्षणिक संस्थांत तोच वापरात आहे. नोंदीची जी रचना आज सर्वत्र प्रमाण मानली जाते, तीही मुळात एनसीएसएच्या त्या सर्व्हरकडूनच आलेली आहे.

एक प्रकरण

प्रस्तुत लेखकास या विषयाकडे एका तक्रारीमुळे वळावे लागले. एका महाविद्यालयात आर्थिक साहाय्याच्या योजनेसाठी ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले होते. अंतिम मुदत सायंकाळी ५ वाजेपर्यंत होती. एका विद्यार्थिनीचा अर्ज ५ वाजून ४ मिनिटांनी आल्याची नोंद डेटाबेसमध्ये होती व त्या आधारे तो फेटाळण्यात आला. आपण पाच वाजण्यापूर्वीच अर्ज पाठविला होता, असे तिचे म्हणणे होते. तिच्या गावी मोबाइलचे जाळे मंद असते आणि गुणपत्रिकेची प्रत जोडलेली असल्यामुळे पडद्यावरील चक्र बराच वेळ फिरत राहिले, असेही तिने अर्जात लिहिले होते. वर्षभराच्या शुल्काचा प्रश्न असल्यामुळे बाब किरकोळ नव्हती.

समितीने लॉग फाइल मागविली. तांत्रिक साहाय्यकाने प्रथम असे कळविले की, त्या दिवशी ५ च्या सुमारास अर्जाची एकही नोंद आढळत नाही. दुसऱ्या वेळी त्याने शोधून काढलेली ओळ अधिकच गोंधळात टाकणारी होती. तिच्यावरील वेळ ११ वाजून २७ मिनिटे २० सेकंद अशी होती आणि ती ११ वाजून ३४ मिनिटांच्या ओळींच्या मध्ये बसलेली होती. ही ओळ कोणीतरी मागाहून घुसडली असावी, असा संशय एका सदस्याने बैठकीत व्यक्त केला. त्या वेळी उपलब्ध माहितीवरून तो संशय अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

नोंदीचे स्वरूप आणि वेळेचा प्रश्न

अपाचीच्या प्रचलित नोंदीमध्ये क्रमाने पुढील गोष्टी असतात : मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता, बहुधा रिकामी राहणारी व आडव्या रेघेने दर्शविलेली ओळख, सर्व्हरने स्वतः पासवर्ड विचारला असल्यास वापरकर्त्याचे नाव, चौकटी कंसात तारीख, वेळ व कालविभाग, अवतरणचिन्हांत प्रत्यक्ष मागणी, उत्तराचा तीन अंकी सांकेतिक क्रमांक, आणि शेवटी पाठविलेल्या उत्तराचा आकार बाइटमध्ये. विस्तृत प्रकारात यापुढे कोणत्या पृष्ठावरून आले व कोणता ब्राउझर वापरला, या दोन बाबींची भर पडते.

या नोंदीत काय नसते हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अर्जात भरलेली माहिती लॉगमध्ये येत नाही. अर्ज पाठविण्याच्या मागणीत केवळ पृष्ठाचा मार्ग नोंदविला जातो; विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक, जोडलेली प्रत यांपैकी काहीही नाही. संकेतस्थळाच्या स्वतःच्या लॉगिन पृष्ठावरून प्रवेश केलेल्या व्यक्तीचे नावही सामान्यतः येत नाही. त्यामुळे 'लॉगमध्ये अमुक विद्यार्थ्याचे नाव शोधा' ही सूचना मुळातच निष्फळ असते. वरील प्रकरणात अर्जप्रणालीने प्रत्येक अर्जासोबत आयपी पत्ता डेटाबेसमध्ये साठविला होता, म्हणून ती ओळ सापडू शकली. मोबाइल सेवेत एकच पत्ता अनेक ग्राहकांना सामाईक असतो हे खरे. परंतु त्या अर्ध्या तासात त्या पत्त्यावरून अर्जाच्या मार्गावर आलेली मागणी एकच होती.

आता वेळेकडे वळू. सर्व्हर भाड्याच्या यंत्रावर असेल तर त्याचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते. लॉगमधील वेळेपुढे अधिक चिन्ह व चार शून्ये असतील तर ती वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे असे समजावे. अधिक चिन्हापुढे ०५३० असेल तर ती भारतीय प्रमाणवेळच होय. साहाय्यकाने १७ वाजताच्या आसपास शोध घेतला आणि त्याला रात्री साडेदहानंतरच्या नोंदी दिसल्या, याचे कारण एवढेच. ११ वाजून २७ मिनिटे २० सेकंद यात साडेपाच तास मिळविले की सायंकाळचे ४ वाजून ५७ मिनिटे २० सेकंद होतात.

राहिला क्रमाचा प्रश्न. येथे अपाचीचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो, जो अनुभवी व्यक्तींच्याही ध्यानात पुष्कळदा नसतो. नोंदीवर जी वेळ छापली जाते ती मागणी सर्व्हरकडे पोहोचल्याची, म्हणजे तिची पहिली ओळ वाचली गेल्याची वेळ असते. मात्र ती नोंद फाइलमध्ये लिहिली जाते ती मागणीचे काम पूर्ण झाल्यावर. आवक लिपिकाने टपाल हाती येताच त्यावर वेळेचा शिक्का मारावा, पण नोंदवहीत ओळ लिहावी ती पाकीट उघडून, सर्व कागद मोजून झाल्यावर, असा हा प्रकार आहे. छोट्या पृष्ठांच्या बाबतीत हे अंतर क्षणाचे असते व ओळी क्रमाने लागतात. मोठी फाइल मंद गतीने येत असेल तर मात्र जुन्या वेळेची ओळ नव्या वेळांच्या ओळींमध्ये जाऊन बसते. लॉग फाइलमधील वेळा काटेकोर चढत्या क्रमाने असतातच हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

दुसऱ्या बाजूने, पीएचपीमध्ये लिहिलेल्या अर्जप्रणालीचे काम सामान्यतः संपूर्ण अर्ज जोडपत्रासह येऊन पोहोचल्यावरच सुरू होते. साहजिकच डेटाबेसमध्ये जी वेळ पडते ती अर्ज पूर्णपणे पोहोचल्यानंतरची असते. विद्यार्थिनीने जोडलेली प्रत सुमारे २ मेगाबाइटची होती. सेकंदाला ४० किलोबिट गतीने अशी प्रत चढविण्यास ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतात. ४ वाजून ५७ मिनिटे २० सेकंद यात ते मिळविले असता बरोबर ५ वाजून ४ मिनिटे होतात. प्रत्यक्षातील गती इतकी एकसारखी असणार नाही. परंतु संशयास्पद वाटलेली ओळ जेथे असावयास हवी तेथेच होती, हे दाखविण्यास हा हिशेब पुरेसा होता. लॉग व डेटाबेस एकाच यंत्रावर असल्यामुळे दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या होत्या, ही आणखी एक अनुकूल बाब. ते घड्याळ जाळ्यावरील प्रमाण घड्याळाशी जुळविलेले होते किंवा नाही, याची खातरजमा स्वतंत्रपणे करण्यात आली. दोन वेगळ्या यंत्रांवरील नोंदी ताडून पाहताना ही खातरजमा नसेल, तर चार-पाच मिनिटांच्या फरकावरून कोणताही निर्णय घेणे धोक्याचे आहे.

या संदिग्धतेवर उपाय अल्प श्रमाचा आहे. नोंदीची रचना ठरविणाऱ्या आज्ञेत टक्केचिन्ह व मोठे 'डी' हे अक्षर समाविष्ट केल्यास प्रत्येक मागणीस लागलेला काळ मायक्रोसेकंदांत नोंदविला जातो, 'अपाची २.४' मध्ये काम संपल्याची वेळ स्वतंत्रपणे नोंदविण्याचीही सोय आहे. सर्व्हरसोबत मिळणाऱ्या तयार रचनेत या गोष्टी नसतात. त्या आपण घालाव्या लागतात, आणि वाद उद्भवल्यानंतर घालून उपयोग नसतो.

नोंदच दिसत नाही तेव्हा

पृष्ठ उघडते पण लॉगमध्ये नोंद नाही, ही तक्रार वरचेवर ऐकू येते. प्रथम आपण योग्य फाइल पाहत आहोत काय, हे तपासावे. डेबियन व उबुंटू प्रणालींत लॉगच्या निर्देशिकेतील 'अपाची२' या उपनिर्देशिकेत, तर रेड हॅटच्या कुळातील प्रणालींत 'एचटीटीपीडी' या उपनिर्देशिकेत या फाइली असतात. एकाच यंत्रावर मुख्य संकेतस्थळ, ग्रंथालय व परीक्षा विभाग अशी तीन आभासी संकेतस्थळे असतील आणि त्यांपैकी एकाला स्वतःची लॉग फाइल नेमून दिलेली असेल, तर त्याच्या नोंदी मुख्य फाइलमध्ये येत नाहीत. कोणते संकेतस्थळ कोणत्या मांडणीतून चालते याची यादी 'अपाचीसीटीएल' या आज्ञेला मोठ्या 'एस' चा पर्याय जोडल्यास मिळते. दुसरी शक्यता अशी की, मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही : ब्राउझरने किंवा मधल्या प्रॉक्सीने आपल्या साठ्यातूनच पृष्ठ दाखविले. मूल्यांकनाच्या अहवालात 'संकेतस्थळास भेट देणाऱ्यांची संख्या' लॉगवरून काढून देण्याची प्रथा आहे. ती संख्या साठ्यामुळे कमी आणि शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्यांमुळे जास्त, अशी दोन्हीकडून चुकते.

परवानगीचा दोष असल्यास अपाची बहुधा सुरूच होत नाही व लॉग उघडता येत नसल्याचे कळवितो. येथे घाईने निर्देशिकेला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार, देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. अपाची लॉग फाइली उघडतो तो सामान्यतः यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने. त्या निर्देशिकेत ज्याला लिहिता येते त्याला तो सर्वाधिकार मिळविण्याची वाट जवळजवळ मोकळी होते, असा स्पष्ट इशारा अपाचीच्या अधिकृत दस्तऐवजात आहे. रेड हॅटच्या कुळात परवानग्या बिनचूक असूनही नकार मिळत असेल, तर 'एसईलिनक्स' या सुरक्षा व्यवस्थेने फाइलला दिलेला शिक्का तपासावा. लॉग नेहमीच्या जागेहून अन्यत्र हलविल्यास हा दोष हमखास आढळतो.

डिस्क भरते तेव्हा

लॉगसंबंधी सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा दोष हाच. डिस्क पूर्ण भरली तरी अपाची साधारणतः साधी पृष्ठे देत राहतो. नोंदी मात्र गुपचूप गळू लागतात. त्याच डिस्कवर डेटाबेस असेल तर अर्ज साठविले जात नाहीत. मायएसक्यूएल अशा वेळी जागा मोकळी होण्याची वाट पाहत थांबून राहतो व वापरकर्त्यास संकेतस्थळ 'लटकल्या'सारखे वाटते. गुणवत्ता यादीच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले की गर्दीला दोष दिला जातो. गर्दी असतेच, पण एकदा डिस्क तपासून पाहावी.

मागण्यांची फाइल सहसा हळूहळू वाढते. एका रात्रीत काही गिगाबाइट वाढते ती त्रुटींची फाइल. तिची कारणे दोन-तीनच आढळतात. चाचणीसाठी नोंदीची पातळी 'डीबग' केली व ती पूर्ववत करण्याचे राहून गेले, हे एक. दुसरे कारण पीएचपीतील एका प्रसिद्ध चुकीचे आहे. फाइल संपेपर्यंत वाचत राहण्यासाठी 'एफईओएफ' हे फलन चक्रात वापरतात. पण फाइल मुळात उघडलीच गेली नसेल तर 'संपली' हे उत्तर कधीच येत नाही आणि चक्राच्या प्रत्येक फेरीत इशाऱ्याची एक ओळ त्रुटींच्या फाइलमध्ये पडते. हे सेकंदाला हजारो वेळा घडते. २०२० मध्ये आलेल्या 'पीएचपी ८' मध्ये अशा वेळी चक्र चालू न राहता कार्यक्रमच थांबतो. पण पूर्वीच्या आवृत्तीवर लिहिलेल्या व अद्याप तिच्यावरच चालणाऱ्या प्रणाली महाविद्यालयांतून कमी नाहीत.

मग जे घडते ते सर्वत्र सारखेच असते. कोणीतरी घाबरून ती प्रचंड फाइल पुसून टाकतो. फाइल यादीतून नाहीशी होते, परंतु 'डीएफ' ही आज्ञा डिस्क १०० टक्के भरलेलीच दाखविते. 'डीयू' ने फाइलींची बेरीज करावी तर ती कितीतरी कमी येते. ग्रंथालयाच्या उदाहरणाने हे समजेल. तालिकेतील पत्र काढून टाकले म्हणून पुस्तकाने अडविलेली जागा रिकामी होत नाही. पुस्तक वाचकाच्या हाती आहे तोवर ते अस्तित्वातच असते. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे केवळ तिचे तालिकापत्र काढणे होय. अपाचीने ती उघडून धरलेली असते आणि तो त्या नावहीन फाइलमध्ये पुढेही लिहीत राहतो. पुसलेल्या पण उघड्या असलेल्या अशा फाइली 'एलएसओएफ' या आज्ञेने दिसतात. अपाचीस सौम्यपणे पुन्हा सुरू केले, म्हणजे चालू मागण्या न तोडता नव्याने फाइली उघडावयास लावल्या, की जागा सुटते. मात्र जुन्या प्रक्रिया आपले काम संपवीपर्यंत ती पूर्णपणे सुटत नाही.

योग्य क्रम असा : फाइलच्या अखेरच्या काही हजार ओळी प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण दोषाचे मूळ त्यांतच असते, नंतर फाइल न पुसता तिची लांबी शून्य करावी. अपाची नेहमी फाइलच्या शेवटाला जोडून लिहितो, त्यामुळे लांबी शून्य झाल्यावर तो पुन्हा आरंभापासून लिहू लागतो व जागा तत्काळ मोकळी होते. ओळी उतरवून न घेता केलेली सफाई ही केवळ पुढील रात्रीपर्यंतची सवलत ठरते.

डिस्कवर जागा दिसत असूनही 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. लक्षावधी बारीक फाइलींमुळे फाइल-क्रमांकांचा कोटा संपलेला असू शकतो. 'डीएफ' ला लहान 'आय' जोडून तो दिसतो. अथवा अपाची वारंवार अकस्मात बंद पडल्याने त्याने घेतलेले सेमाफोर परत गेलेले नसतात. तेव्हाही सुरू होताना तो हाच संदेश देतो व डिस्क साफ करणाऱ्यास भलत्याच वाटेला लावतो. जुन्या काळी आणखी एक मर्यादा होती. ३२ बिटांच्या प्रणालीवर अपाचीच्या १.३ व २.० या आवृत्त्यांत लॉग २ गिगाबाइटला पोहोचला की लिहिणारी प्रक्रियाच बंद पडे. डिसेंबर २००५ मधील २.२ आवृत्तीनंतर ती अडचण मागे पडली.

जुन्या नोंदी बाजूला काढणे

फाइल फार वाढू नये म्हणून ठरावीक काळाने नवी फाइल सुरू करून जुनी बाजूला काढण्याचे काम 'लॉगरोटेट' हा कार्यक्रम करतो. येथे दोन चुका वारंवार होतात. फाइलचे नाव बदलल्यानंतर अपाचीला ते कळविले गेले नाही, तर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो आणि नवी फाइल रिकामी दिसते. कळविल्यावरही जुनी फाइल लगेच संकुचित करू नये. अपाचीचे दस्तऐवज मधे काही काळ थांबण्यास सांगतात, कारण चालू मागण्यांच्या नोंदी अद्याप तिच्यातच पडत असतात. याउलट 'प्रत काढा व मूळ रिकामी करा' हा पर्याय निवडल्यास या दोन कृतींच्या मधल्या क्षणात आलेल्या नोंदी कायमच्या नाहीशा होतात. वादग्रस्त ठरू शकणाऱ्या अर्जांच्या संकेतस्थळासाठी तो पर्याय वापरू नये, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

याहून गंभीर प्रश्न किती दिवस जपावयाचे हा आहे. डेबियनच्या अलीकडील मांडणीत अपाचीचे लॉग रोज बदलले जातात व १४ जपले जातात. म्हणजे पंधरवडा उलटला की पुरावा आपोआप नष्ट. महाविद्यालयातील तक्रार मात्र अर्ज, पोहोच, समितीची बैठक अशा वाटेने जाते. पूर्वोक्त प्रकरणात समितीने लॉग मागविला तो बाराव्या दिवशी. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था, कंपन्या व सेवा पुरवठादार यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणित स्रोताशी जुळविणे आवश्यक आहे. खासगी महाविद्यालयांनीही हीच मुदत मानणे इष्ट. संकुचित केलेल्या लॉगला जागा फारशी लागत नाही.

पत्ता आणि पुरावा

सर्व नोंदींत एकच आयपी पत्ता दिसू लागला तर हल्ला झाला असे समजण्यापूर्वी, सर्व्हरपुढे प्रॉक्सी बसविला आहे काय ते पाहावे. खरा पत्ता तेव्हा मागणीसोबतच्या शीर्षकओळीत येतो व २०१२ मध्ये आलेल्या 'अपाची २.४' मधील 'रिमोटआयपी' या घटकाच्या साहाय्याने तो लॉगमध्ये आणता येतो. परंतु ही शीर्षकओळ पाठविणारा स्वतःही रचू शकतो. म्हणून विश्वास केवळ आपल्या ज्ञात प्रॉक्सीकडून आलेल्या ओळीवरच ठेवण्याची मांडणी करावी.

लॉग न्यायालयात दाखल करण्याची वेळ आल्यास नुसती छापील प्रत पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारल्याचा वाद निर्माण झाला होता व त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींचा पुरावा पुढे आला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे स्पष्ट केले की, मूळ उपकरण सादर न करता इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत दिली असेल, तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून तत्सम तरतूद कलम ६३ मध्ये आहे. तिच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात अभिलेखाचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. त्यामुळे तक्रार येताच संबंधित दिवसाची संपूर्ण फाइल, केवळ हवी ती ओळ नव्हे, वेगळ्या माध्यमावर उतरवून तिचे हॅश मूल्य त्याच दिवशी काढून दोन व्यक्तींच्या स्वाक्षरीने नोंदवावे.

समितीने असेच केले. हॅश मूल्य इतिवृत्तात नोंदविले गेले, साडेपाच तासांचा व सात मिनिटांचा हिशेब सदस्यांपुढे मांडला गेला आणि विद्यार्थिनीचा अर्ज मुदतीत आल्याचे मान्य करण्यात आले. त्याच दिवशीच्या लॉगमध्ये ५ च्या आधी सुरू होऊन नंतर पूर्ण झालेल्या अशा आणखी दोन नोंदी आढळल्या. त्या अर्जदारांनी तक्रार केलेली नव्हती. त्यांना कार्यालयाने पत्र पाठवून बोलावून घेतले.